मोटरची वेळ आणि टेकडीची वेळ: एका घराचा प्रकरण अभ्यास

पुण्यात कोथरूडच्या जुन्या भागात स्वतःच्या दुमजली घरात राहणाऱ्या एका गृहस्थांचे हे प्रकरण आहे. त्यांचे वय साठीच्या अलीकडचे, नोकरी दिवसभर संगणकासमोरची आणि छंद इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे संध्याकाळही टेबलाशीच जाणारी. वार्षिक तपासणीत त्यांचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारे प्रमाण, ६.१ टक्के आले. ५.७ ते ६.४ टक्के हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही. रोज सकाळी सलग पाऊण तास भरभर चालायला सांगितले. त्यासाठी वेताळ टेकडी जवळच होती. सल्ला साधा होता आणि गृहस्थांची तो पाळण्याची मनापासून तयारीही होती, परंतु चालायला जाण्याच्या नेमक्या वेळेला घरातली पाण्याची मोटर त्यांना घराबाहेर पडू देत नव्हती.

मी त्यांचा जुना सहकारी. या घरातील कामाचा आराखडा, त्यातील फेरबदल आणि त्यानंतरच्या नोंदी मी जवळून पाहिल्या आहेत. घरगुती स्वयंचलनाबद्दल बोलताना ‘किती कष्ट वाचले’ एवढेच विचारण्याची पद्धत आहे. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. यंत्राने माणसाचे घरातले कोणते चालणे काढून घेतले आणि घराबाहेरचे कोणते चालणे त्याला मिळवून दिले, हा हिशेब मांडल्याशिवाय अशा कामाचे मोल ठरवता येत नाही, आणि या घरात तो हिशेब आकड्यांनिशी मांडता आला.

परिस्थिती

पुणे शहराला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी मिळते. या घराच्या गल्लीत महापालिकेचे पाणी पहाटे पावणेसहाच्या सुमारास येते आणि आठपर्यंत जाते. दाब इतका कमी असतो की ते गच्चीपर्यंत चढत नाही; अंगणातील जमिनीखालच्या हौदात ते पडते आणि तेथून अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरने गच्चीवरच्या १००० लिटरच्या काळ्या टाकीत चढवावे लागते. तळमजल्यावर गृहस्थ व त्यांची पत्नी आणि वर धाकट्या भावाचे बिऱ्हाड, असे दोन संसार या पाण्यावर चालतात. हौद लहान आहे. पाणी येत असतानाच तो एकदा उपसून टाकी भरली आणि मग रिकामा झालेला हौद पुन्हा भरल्यावर तो दुसऱ्यांदा उपसला, तरच दिवसभराची गरज भागते. पाणी असण्याच्या सव्वादोन तासांत मोटर दोनदा लावावी लागते आणि दोन्ही वेळा ती वेळेवर बंद करावी लागते.

उशीर झाला तर टाकी वाहते आणि पाणी पन्हळीतून शेजारच्या अंगणात पडते. पाण्याची नासाडी तर होतेच, शिवाय शेजाऱ्यांशी संबंधही ताणले जातात. याच्या उलट प्रकार अधिक महागात पडतो. दुरुस्तीच्या कामांसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद ठेवतात आणि शुक्रवारी ते उशिरा व कमी दाबाने येते, हे पुणेकरांना पाठ आहे. अशा दिवशी हौदात पाणी नसताना मोटर चालू राहिली, तर आतले सील पाण्यावाचून तापते, झिजते आणि गळू लागते. या घरात सील आधी बदलून झालेले होते.

त्यामुळे सकाळी सहा ते आठ या वेळात कोणीतरी घरी असणे भाग होते, आणि ते काम गृहस्थांकडे होते. टाकी किती भरली हे पाहण्यासाठी ते गच्चीवर जात, झाकण उचलून पाहत, खाली येत आणि थोड्या वेळाने पुन्हा जात. मधल्या वेळेत गल्लीतल्या गल्लीत चार फेऱ्या मारून येत, पण मन मोटरकडे लागलेले असल्याने तेही सलग होत नसे. आठनंतर ऊन आणि कचेरीची घाई. संध्याकाळी ते छंदाच्या टेबलाशी बसले की उठण्याचे भान राहत नसे, अशी त्यांच्या पत्नींची रास्त तक्रार होती.

पहिली रचना

उपाय त्यांच्याच छंदात होता. पहिली रचना अशी हौशी मंडळी साधारणपणे करतात तशीच होती: टाकीच्या झाकणाला आतून एचसी-एसआर०४ हा श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनीचा संवेदक, त्याला जोडलेले ईएसपी८२६६ हे वायफायचे छोटे बोर्ड, आणि खाली मोटरजवळ दुसरे बोर्ड व एक निळा रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकुमावर चालू-बंद होणारा स्विच. संवेदक ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीचा ठोका खाली सोडतो, पाण्यावरून परतलेला प्रतिध्वनी किती वेळाने आला ते सांगतो आणि त्यावरून पाण्याचे अंतर निघते. संवेदक पाच व्होल्टवर चालतो आणि बोर्डाला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही, म्हणून प्रतिध्वनीच्या तारेवर एक आणि दोन किलोओहमच्या रोधकांची जोडी घालून व्होल्टेज उतरवले होते. टाकीचा व्यास सुमारे १.१ मीटर असल्याने पाण्याची पातळी एक सेंटिमीटरने वाढली की साडेनऊ लिटर पाणी वाढले, असा हिशेब बसत होता.

टेबलावर बादली ठेवून घेतलेल्या चाचणीत हे सगळे चोख चालले. गच्चीवर ते टिकले नाही, आणि त्याची कारणे मुद्दाम तपशिलात सांगण्यासारखी आहेत, कारण ती प्रत्येक टाकीत असतात.

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे हवा बारा अंशांच्या आसपास असते आणि आदल्या दिवशी उन्हाने तापलेले टाकीतले पाणी तिच्यापेक्षा कोमट असते. त्या पाण्याची वाफ थंड झाकणाच्या आतल्या बाजूस जमते. झाकण उलटे करून पाहिले तेव्हा संवेदकाच्या दोन्ही गोल जाळ्यांवर थेंब लोंबत होते आणि जाळीच्या कडेला गंजाची तांबूस रेघ उमटू लागली होती. असा थेंब जाळीवर बसला की प्रतिध्वनी तिथल्या तिथे मिळाल्यासारखा होतो आणि यंत्राला वाटते की टाकी काठोकाठ भरली आहे. मोटर मग लागतच नाही. नेमकी पाणी येण्याची वेळ आणि नेमका थंडीचा प्रहर, यांत हा दोष उद्भवत असल्याने त्याला अपवाद म्हणून सोडून देण्याची सोय नव्हती.

दुसरे कारण तापमानाचे. ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे तो ०.६ मीटरने वाढतो. बारा अंशांना तो ३३९ च्या जवळ, तर अडतीस अंशांना ३५४ च्या जवळ जातो. फरक साडेचार टक्क्यांचा. टाकी जवळजवळ रिकामी असताना संवेदकापासून पाणी मीटरभर खाली असते. तेव्हा याच फरकाने साडेचार सेंटिमीटरची, म्हणजे चाळीसहून अधिक लिटरची चूक होते. डीएस१८बी२० हा तापमानाचा संवेदक शेजारी लावून ही चूक हिशेबात दुरुस्त करता आली.

जाळीऐवजी बंद तोंडाचा, पाण्यापासून सुरक्षित असा जेएसएन-एसआर०४टी संवेदक लावून थेंबांचा त्रास बराच कमी झाला, पण त्याला तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचे काही दिसत नाही. वरच्या पंचवीस सेंटिमीटरांत या टाकीचे जवळपास पाव पाणी मावते. टाकी भरत आल्याची खूण हवी असते ती नेमकी याच पट्ट्यात.

तिसरी अडचण वायफायची होती. दोन स्लॅबमधून गच्चीवर सिग्नल पोहोचत असे, पण कधी कधी तुटत असे. वरचे बोर्ड ‘भरली’ असे सांगू शकले नाही, तर खालच्या बोर्डाने काय करावे? पहिल्या रचनेत याचे उत्तर नव्हते. चौथी अडचण रिलेची. त्यावर १० अँपिअर लिहिलेले असते आणि मोटर चालू असताना तीन-चार अँपिअरच घेते, त्यामुळे आकडे जुळतात असे वाटते. परंतु मोटर सुरू होण्याच्या क्षणी ती याच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. रिलेच्या आतील संपर्क त्या धक्क्याने हळूहळू भाजतात आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटून बसतात. मग बोर्डाने कितीही वेळा ‘बंद’ म्हटले तरी मोटर थांबत नाही.

नियंत्रण वेगळे, माहिती वेगळी

या टप्प्यावर पुष्कळ हौशी मंडळी आणखी चांगला संवेदक, आणखी हुशार प्रोग्राम अशा मार्गाने पुढे जातात. गृहस्थांनी तसे केले नाही, आणि या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो. मोटर लावणे-थांबवणे हे काम त्यांनी मोजमापाकडून काढून घेतले आणि साध्या संपर्काकडे दिले. वरच्या टाकीत दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणारे), एक वरच्या पातळीला आणि एक खालच्या; हौदात तळापासून वीतभर उंचीवर तिसरा. श्राव्यातीत संवेदक काढला नाही, पण त्याला फक्त माहिती सांगण्याचे काम उरले. त्याचा आकडा चुकला तर फक्त दाखवलेली पातळी चुकेल. टाकी वाहणार नाही आणि मोटर जळणार नाही.

फ्लोट स्विचच्या तारा गच्चीवरून पाण्याच्या पाइपालगत खाली आणल्या. वायफायचा भरवसा नको म्हणून तार, हे उत्तर जुन्या वळणाचे आहे आणि ते बरोबर आहे. त्या तारांत १२ व्होल्टच ठेवले. बाजारात मिळणारे कित्येक फ्लोट स्विच सरळ २३० व्होल्टवर जोडता येतात आणि पुष्कळ घरांत ते तसेच जोडलेले असतात. ज्या पाण्याने आंघोळ करायची त्यात मुख्य विजेची तार सोडणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. मोटरच्या बाजूला निळ्या रिलेने थेट मोटर न लावता कॉन्टॅक्टरचे (जास्त प्रवाह सोसणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचचे) वेटोळे तेवढे चालवावे आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा, असा बदल झाला. पेटीत ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला आणि हे सारे परवानाधारक वायरमनकडून, अर्थिंग तपासून करून घेतले. कमी व्होल्टेजची जोडणी स्वतः करावी आणि २३० व्होल्टची वायरमनकडून करून घ्यावी, ही मर्यादा त्यांनी पहिल्यापासून पाळली.

बोर्डातील नियम आता थोडक्यात सांगता येतात. वरच्या टाकीतले पाणी खाली गेले आहे, हौदात पाणी आहे आणि वेळ पावणेसहा ते सव्वाआठच्या दरम्यान आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच मोटर लागते. टाकी भरली, हौद उतरला किंवा मोटर तीस मिनिटांहून अधिक चालली, यांपैकी कोणतीही एक गोष्ट घडली तरी ती थांबते. तीस मिनिटांचा आकडा साध्या भागाकाराने आला: ही जुनी मोटर मिनिटाला साधारण ४० लिटर चढवते, म्हणजे पूर्ण रिकामी टाकीसुद्धा पंचवीस मिनिटांत भरायला हवी, त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पाइप फुटला आहे, मोटर हवा खात आहे किंवा फ्लोट अडकला आहे. ही मुदत प्रोग्रामवर न सोडता कॉन्टॅक्टरच्या आधी वेगळा टाइमर बसवून घातली आहे, म्हणजे बोर्ड गोठले तरी मोटर थांबते. वीज गेली की कॉन्टॅक्टर आपोआप सुटतो आणि वीज आल्यावर बोर्ड काही मिनिटे थांबूनच निर्णय घेते. राउटर बंद असला तरी वेळ कळावी म्हणून डीएस३२३१ हे घड्याळ बसवले. बटणासारख्या सेलवर ते चालत राहते आणि वर्षात फार तर मिनिटभर चुकते.

पत्नींचा एक आग्रह या रचनेत शेवटी आला. तो पहिल्या दिवशीच विचारात घ्यायला हवा होता, असे मी म्हणेन. “अहो, तुम्ही टेकडीवर असलात आणि इकडे तुमचं ते यंत्र बंद पडलं, तर मी काय करायचं?” असे त्यांनी विचारले. “मला मोबाइलवर काही नको. हाताला लागेल असं बटण द्या.” पेटीच्या दारावर आता ‘आपोआप – बंद – हाताने’ असा तीन खुणांचा फिरता स्विच आहे. ‘हाताने’वर फिरवला की बोर्ड पूर्णपणे बाजूला होते आणि मोटर पूर्वीसारखी चालते, तीस मिनिटांचा टाइमर तेवढा मध्ये राहतो. कॉन्टॅक्टर लागताना होणारा ‘खट्ट’ आवाज स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतो. पत्नींना त्यावरूनच मोटर लागल्याचे कळते, वेगळ्या सूचनेची गरज पडत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. पेटीतल्या उबेला एक पाल आत शिरली आणि कॉन्टॅक्टरचे टोक व पेटीचा अर्थ केलेला पत्रा यांच्यामध्ये अडकून मेली. आरसीसीबी पडला आणि मोटर लागेना. वायर आत येण्याच्या भोकांना रबरी ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारी बुचे) बसवून आणि उरलेली फट सिलिकॉनने बुजवून तो मार्ग बंद केला. आपल्याकडे विजेच्या उघड्या पेटीत पाल शिरण्याचा प्रकार इतका नेहमीचा आहे की ग्लँड ही चैन समजू नये.

दारातला दिवा

टाकीची स्थिती दाखवण्यासाठी त्यांनी मोबाइलवरचा तक्ताही केला होता. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नोंदी जमा होत आणि रंगीत आलेख दिसे. तो दिसायला सुरेख होता, परंतु टेकडीवर चढताना दर पाच मिनिटांनी खिशातून मोबाइल काढून मोटर लागली का ते पाहणे सुरू झाले आणि चालण्याची लय तुटू लागली. मग त्यांनी तक्ता घरातल्या संगणकापुरता ठेवला आणि चपलांच्या मांडणीवर, डोळ्यांच्या उंचीला, तीन छोटे दिवे लावले: हिरवा म्हणजे सर्व ठीक, पिवळा म्हणजे हौदात अजून पाणी आलेले नाही, लाल म्हणजे मोटर मुदत संपल्यामुळे थांबली आहे. बूट घालताना नजर वर जाते, हिरवा दिसतो, दार ओढून घेऊन ते निघतात. मोबाइलवर फक्त लाल दिव्याची सूचना जाते, आणि तीही पत्नी घरी नसतील त्या दिवशीच. घरातल्या यंत्राने माणसाला घरातून सोडले पाहिजे. मोबाइलच्या पडद्यातून ते टेकडीपर्यंत मागे येत असेल, तर त्याने वेळ मोकळा केला असे म्हणता येणार नाही.

चालण्याचे मोजमाप

मोकळ्या झालेल्या वेळात ते महात्मा सोसायटीच्या बाजूने वेताळ टेकडीवर जाऊ लागले. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. ग्लिरिसिडियाच्या झाडीतून पायवाट वर जाते, पुढे जुनी दगडखाण लागते आणि पहाटे लवकर गेले तर मोरांचे ओरडणे ऐकू येते. जाऊन-येऊन तासाभराच्या आत घरी पोहोचता येते.

चालायचे ठरल्यावर छंदी माणूस मोजणारच. त्यांनी एमपीयू-६०५० या त्वरणमापकाची (हालचालीचे धक्के मोजणाऱ्या संवेदकाची) डबी करून कमरेच्या पट्ट्याला लावली. चालताना सेकंदाला साधारण दोन पावले पडतात आणि प्रत्येक पावलाला त्वरणाचा एक उंचवटा उमटतो. ते उंचवटे मोजायचे, इतके साधे तत्त्व. सपाट रस्त्यावर ते जमले. उतारावर मात्र टाच आपटल्याचा आणि मग तळवा टेकल्याचा असे दोन धक्के उमटत आणि एका पावलाची दोन होत. दोन पावलांत किमान ०.३ सेकंदाचे अंतर धरल्यावर आकडा ताळ्यावर आला.

त्यानंतर त्यांनी अधिक महत्त्वाचा प्रश्न विचारला: पावले मोजून नेमके काय कळते? रोजच्या दहा हजार पावलांचे उद्दिष्ट १९६५ साली जपानमधील एका कंपनीने विकायला आणलेल्या पाऊलमापकापासून रूढ झाले; त्यामागे वैद्यकीय अभ्यास नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले आणि साधारण ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावलांची भाषाच वापरत नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे ती सांगते. टेकडीच्या चढावर पावले कमी पडतात आणि श्रम जास्त होतात, त्यामुळे तेथे पावलांचा आकडा श्रमाची कल्पनाच देत नाही.

म्हणून त्यांनी डबीत बीएमपी२८० हा हवेचा दाब मोजणारा संवेदक घातला. पुण्याच्या उंचीवर दर मीटर चढाला दाब सुमारे ०.११ हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) उतरतो आणि हा संवेदक मीटरभराचा फरकही ओळखतो. दीडशे मीटरच्या चढाला सोळा हेक्टोपास्कलच्या आसपास घट दिसते. हवेचा दाब दिवसभरात स्वतःहूनही दोन-तीन हेक्टोपास्कलने वरखाली होतो, पण तो बदल तासांचा असतो आणि चढाचा मिनिटांचा. दरावरून दोन्ही वेगळे काढता येतात. पावलांची बेरीज सोडून ते आठवड्याची भरभर चालण्याची मिनिटे आणि चढलेले मीटर, एवढेच दोन आकडे पाहू लागले.

जिन्याचा हिशेब

दाबाच्या संवेदकासह ही डबी यंत्र सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच तयार झाली होती आणि ती घरातही कमरेला असे, त्यामुळे या प्रकरणातली सर्वांत उपयुक्त गोष्ट योगायोगाने हाती लागली. मोटर हाताने लावण्याच्या शेवटच्या आठवड्यांतील दाबाच्या आलेखावर सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सहा-सात दशांश हेक्टोपास्कलच्या बारीक खाचा दिसतात. एकेक खाच म्हणजे गच्चीची एकेक फेरी. यंत्र सुरू झाल्यानंतरच्या आलेखावर टेकडीची एक मोठी दरी आहे आणि त्या खाचा पूर्णपणे नाहीशा झालेल्या आहेत. संध्याकाळच्या भागात तर आलेख सपाट रेषेसारखा आहे, कारण पाणी किती उरले ते पाहायला संध्याकाळी अधूनमधून वर जाण्याचे तेवढे एक निमित्तही गेले.

कामाच्या दृष्टीने हा तोटा लहान आहे. जिना सहा मीटरचा धरला, तर टेकडीचा दीडशे मीटरचा चढ म्हणजे पंचवीस फेऱ्या होतात. पूर्वी ते दिवसात त्याच्या जवळपासही जात नसत. पण जिन्याच्या फेऱ्यांचे मोल चढलेल्या मीटरांत नव्हते. त्या बसण्यात खंड पाडत होत्या. रक्तातील साखरेच्या बाबतीत सकाळी एकदाच केलेला व्यायाम आणि दिवसभर विखुरलेली हालचाल यांचे काम निरनिराळे आहे. जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणेसुद्धा जेवणानंतरची साखरेची उसळी कमी करते, हे चांगले अभ्यासले गेले आहे. सकाळी टेकडी चढून आलेला माणूस संध्याकाळी तीन तास हलला नाही, तर त्या तीन तासांची भरपाई सकाळी झालेली नसते.

मोटर पुन्हा हाताने लावावी, असे यावरून कोणी म्हणणार नाही. गृहस्थांनी छंदाच्या मांडणीतच बदल केला. सुटे भाग ठेवण्याचे छोटे खण टेबलाखालून काढून गच्चीला लागून असलेल्या खोलीत नेले. टेबल तळमजल्यावरच राहिले. आता रोधक हवा असेल तर जिना चढावा लागतो. सोल्डरिंग आयर्नच्या प्लगला पंचवीस मिनिटांचा टाइमर लावला. तो मुळात सुरक्षिततेसाठी होता, पण आयर्न थंड झाले की उठून बटण दाबावे लागते आणि ते बटण मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले आहे. रात्रीच्या जेवणानंतर दोघे नवरा-बायको गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. त्यासाठी कोणतेही यंत्र लावलेले नाही.

आलेखावर खाचा परत आल्या आहेत, आता संध्याकाळच्या बाजूला. पुढच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी ५.८ आले. त्याच काळात त्यांनी रात्रीचा भातही कमी केला होता, त्यामुळे या घटीचे श्रेय एकट्या चालण्याला देणे योग्य होणार नाही, आणि मोटरच्या पेटीला तर नाहीच. पेटीने सकाळचा एक तास मोकळा केला. तो चालण्यात घालवायचा निश्चय त्यांना स्वतः करावा लागला.

ही रचना कोठे लागू पडेल

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न या रूपात येत नाही, कारण सोसायटीची मोटर वॉचमनकडे असते. मात्र तेथेही वॉचमन बदलला की टाकी वाहते. सोसायटीत हीच रचना बसवायची असेल, तर तीन फेजच्या मोटरला फेज गेल्याचे ओळखणारा रिले लागतो आणि निर्णय समितीचा असल्याने ‘हाताने’ हा पर्याय कुलपात ठेवावा लागतो. बोअरवेलवर अवलंबून असलेल्या घरात हौदाच्या फ्लोटचा उपयोग नाही. तेथे मोटर कोरडी चालत असल्याचे तिच्या विद्युतप्रवाहावरून ओळखावे लागते, कारण पाणी नसताना मोटरवरचा भार कमी होतो आणि प्रवाह उतरतो.

या घरात एक काम शिल्लक आहे. शुक्रवारी पाणी उशिरा येते तेव्हा सव्वाआठची मुदत उलटून जाते, पिवळा दिवा लागलेलाच राहतो आणि पत्नींना स्विच ‘हाताने’वर फिरवावा लागतो. घड्याळाऐवजी हौदाच्या नळातच पाणी आल्याचे ओळखावे, म्हणजे महापालिकेची वेळ बदलली तरी यंत्राला कळेल, असा फेरबदल ठरला आहे. त्यासाठी दाबावर चालणारा स्विच कमी दाबाच्या पाण्यावर लागत नाही, हे चाचणीत दिसले. म्हणून हौदात अर्ध्या उंचीवर चौथा फ्लोट बसवण्याचे ठरले. तारेला एक जोडी शिल्लक ठेवलेली आहेच. हौद वर्षातून एकदा उपसून धुतात, त्या दिवशी वायरमन येणार आहे.